चार नंबरमध्ये एक

५ जानेवारी २००४, सोमवार

आज रुजू झाले, आणि पहिल्याच दिवशी भाषण ठोकलं.

द्वारका चौकातून सकाळी सातची विंचूरची गाडी मिळाली आणि खिडकीही मिळाली. शीतगृह हमरस्त्यापासून आत, द्राक्षबागांच्या मधोमध आहे. हिरव्यागार शेतात कुणी पांढरी पेटी उपडी घालून ठेवावी, तसं. मालक मल्हारीअण्णा गेटपर्यंत घ्यायला आले. पॅकिंगच्या चौदा बायका समोर बसल्या होत्या. अण्णा म्हणाले, दोन शब्द बोला. मला दोन शब्द बोला म्हणणाऱ्यांची नेहमीच फसगत होते. मी वीस मिनिटं बोलले. यंत्राला घाबरू नका, बाई आणि बुवा असा भेद ते करत नाही. जे कळत नाही त्याच्या पाया पडू नका, ते उघडून बघा. टाळ्या पडल्या. बायकांची मुकादम सगुणाबाई, उंच, सडसडीत, तोंडाची तिखट. ती म्हणाली, बाई, बोलता लय ग्वाड, पण तेवढ्यात दोनशे पेट्या भरल्या असत्या. सगळ्या हसल्या. मीसुद्धा.

माझं काम कॉम्प्युटरवर. चार थंड खोल्यांचं तापमान आणि आत किती माणसं आहेत हे त्याच्या पडद्यावर दिसतं. प्रत्येक दाराच्या चौकटीत मोजणारे डोळे बसवलेत. आत जाणारा मिळवला जातो, बाहेर येणारा वजा होतो. आकडा शून्य झाला आणि दार लागलं, की दार बाहेरून घट्ट बसतं आणि गोठवणारी हवा सोडणारे मोठे पंखे आपोआप फिरू लागतात. एकही माणूस आत असेल तर फिरत नाहीत. ज्याने हे रचलं त्याला माणसाच्या जिवाची किंमत कळत होती.

ऑफिसला खिडकी आहे. तिच्यातून आवार दिसतं. चहा बरा मिळतो. मी खूश आहे.

८ जानेवारी, गुरुवार

आज पडद्यावर एक गंमत दिसली. पहिल्या तीन खोल्यांचे आकडे संध्याकाळी शून्यावर येतात. चार नंबरचा एकावर थांबतो. बायका बाहेर, दार बंद, आणि आत: एक. म्हणून तिथले पंखे आपोआप लागतच नाहीत. खंडेराव मिस्त्री रोज जाऊन हाताने खटका दाबतो. पाच वर्षं दाबतोय म्हणे. विचारलं तर म्हणाला, मशीनची खोड हाय मॅडम, असू द्या.

मला खोड ही गोष्ट मान्य नाही. प्रत्येक खोडीमागे कारण असतं. टास्क मॅनेजर उघडून चालू प्रोसेसची यादी वाचली. एकेक ओळखीची निघाली, विंडोजची, छपाईची, तापमानाची. एक मात्र अनोळखी. लाभ डॉट ईएक्सई. कंपनीचं नाव नाही, तारीख नाही. जागा जवळजवळ काहीच खात नाही. नुसती बसून असते.

१३ जानेवारी, मंगळवार

द्वारकेला ओळखीच्या रोहितच्या दुकानात गेले. कॉम्प्युटरमधलं त्याला सगळं कळतं, निदान तो तसं सांगतो. फ्लॉपीवर ती फाइल नेली होती. त्याने दोन निरनिराळे अँटिव्हायरस चालवले. स्वच्छ. इंटरनेटवर नाव टाकून शोधलं. जगात कुठेच नोंद नाही. त्याचं म्हणणं असं की व्हायरस घरफोड्यासारखा असतो, काहीतरी नेतो, नाहीतर मोडतो. हे तर काहीच करत नाही. मग बसलंय कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाला, ताई, आमच्या गल्लीतही असे चार जण आहेत.

माझ्या आधीचा ऑपरेटर कुंदन. त्याचा नंबर अण्णांकडून घेऊन फोन लावला. तो आता पुण्यात आहे. छान बोलला. लाभचं नाव काढलं. तो लगेच म्हणाला, ते मी टाकलेलं नाही. मी आलो तेव्हाही होतं. बंद केलं का कधी, असं विचारलं. तो म्हणाला, बोट ठेवलं होतं, दाबलं नाही. एवढं बोलून फोन ठेवला.

१७ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी मुद्दाम चार नंबरच्या दारापाशी उभी राहिले. बायका पेट्या लावून बाहेर येतात, हात काखेत खुपसून, दात वाजवत. सगुणाबाई सर्वांत शेवटी येते. दार लागल्यावर ती त्याच्यावर तळवा टेकवते आणि म्हणते, लाभ. मग बायकांकडे वळून मोजते: एक, दोन, तीन, थेट चौदापर्यंत.

मला हसू आलं. आमच्या वडिलांच्या खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. पण मग पुढचं माप दोन. मी तिला म्हटलं, सगुणाबाई, तुमचं चुकतंय. लाभनंतर दोन येतं.

ती म्हणाली, खळ्यावर दोन येतं बाई. हितं एकच येतं.

२४ जानेवारी, शनिवार

खंडेरावाकडून उलगडा झाला. आढेवेढे घेतले, मग एकदम सांगून टाकलं. शीतगृह नवं होतं, डोळे नुकतेच बसवले होते. एके दिवशी दोन बायका खांद्याला खांदा लावून आत गेल्या. यंत्राने एकच मोजली. एक बाहेर आली. आकडा शून्य झाला, दार बसलं, पंखे लागले. आत राहिलेलीचं नाव चतुराबाई. सकाळी पेट्यांच्या मागे बसलेली सापडली.

त्यानंतर यंत्र चार नंबरमध्ये एक दाखवू लागलं. डोळे बदलले, तारा बदलल्या, तरी एक. बायकांनी तो आकडा मान्य करून टाकला. लाभ म्हणजे ती. ती धरून मग आपली गणती एकपासून. खंडेरावाचं मत असं की खोली रिकामी ऱ्हात नाय, ती हाय तोवर बरं हाय.

मला राग आला. भुताचा नव्हे, माणसांचा. एक बाई मेली, आणि त्यातून यांनी काय काढलं? दार आतून उघडण्याची कळ? धोक्याची घंटा? नाही. एक विधी काढला. कुणीतरी, बहुधा मूळ प्रोग्रॅम लिहिणारा, अपराधी वाटून गुपचूप हे लाभ टाकून गेला असेल, आकडा कधी शून्य होऊ नये म्हणून. हेतू चांगला. पण उघड सांगायची हिंमत नव्हती, म्हणून यादीत चोरासारखं लपवलं आणि बाकीच्यांनी त्याचा देव केला.

अण्णांना आतून उघडणाऱ्या कळीबद्दल सुनावलं. हंगाम संपल्यावर बघू म्हणाले.

२ फेब्रुवारी, सोमवार

परदेशी खरेदीदारांचा तपासनीस बारा तारखेला येणार. अण्णा हवालदिल. रिकाम्या खोलीत एक माणूस दाखवणारं यंत्र त्याने पाहिलं तर माल जायचा नाही. ते म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात, ठरवा.

तर प्रश्न माझ्याकडे आला. लाभ बंद करणं सुरक्षित आहे का? मी भावनेवर ठरवणार नाही. धोका नेमका कसला? आकडा शून्य झाला तर दार आणि पंखे आपोआप लागतील, आणि एखादी बाई आत राहील. चौदा बायका रोज त्या खोलीत जातात, तेव्हा हा धोका खरा आहे. मग तोच काढून टाकायचा. खंडेरावाकडून चार नंबरचं आपोआप लागणं तोडून घेतलं. आता आकडा काहीही असो, हाताने खटका दाबल्याशिवाय काही लागणार नाही. शिवाय बायका मी स्वतः मोजणार.

त्यानंतर लाभने सांभाळण्यासारखं काही उरतच नाही. जे उरतं ती भीती. आणि भीतीला आपण यादीत जागा दिली, की ती घर करते.

सगुणाबाई म्हणाली, तुमचं सगळं खरं बाई. पर तिला कुटं जायला सांगताय?

मी म्हटलं, जी नाही तिला जायची गरज नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

केलं. संध्याकाळी पाच चाळीस. बायका सगळ्या बाहेर, मी मोजल्या, चौदा. दार बंद, खंडेराव दाराशी. ऑफिसात येऊन लाभवर बोट ठेवलं. यंत्राने नेहमीची ताकीद दिली, की असं केल्याने नको ते घडू शकतं. ते प्रत्येक प्रोसेसला हेच सांगतं. हो म्हटलं. नाव यादीतून गेलं.

चार नंबर: शून्य. पाच वर्षांत पहिल्यांदा.

एक गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे नंतर शांतपणे विचार करता येईल. यंत्र दारांची नोंद ठेवतं. पाच चाळीसची नोंद अशी आहे: चार नंबर. दार बंद. बाहेर: एक.

खंडेरावाला विचारलं, दार उघडलं होतंस का. नाही म्हणाला. पण तो दारापासून लांब, आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला उभा होता. का, ते विचारलं. गार वारं अंगावरून गेलं म्हणाला.

आकडा एकाचा शून्य होतो तेव्हा यंत्र तशी नोंद करणारच. इतकं सोपं आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तपासनीस आला, पडदा पाहिला, मान हलवली, सही केली. अण्णांनी पेढे वाटले. माझं कौतुक केलं.

भिमाबाई समोरच्या टपरीवरून बायकांसाठी चौदा ग्लास चहा आणते. आज एक कमी पडला. भांडण झालं. भिमाबाई शपथेवर म्हणाली की चौदा आणले. आणि सगुणाबाईने तिला चक्क सोडून दिलं, एकही टोमणा न मारता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

चहा रोज एक कमी पडतोय.

सुटीच्या वेळी मी गेटवर उभी राहून बायका मोजल्या. पंधरा. हजेरीवर चौदा. परत आत बोलावल्या, नावं वाचली. चौदा नावं, चौदा हुंकार. ओळीत उभ्या केल्या. प्रत्येकीचा चेहरा ओळखीचा. बोटाने मोजलं.

पंधरा.

मी गणितात कधी नापास झालेले नाही.

तोंडं पाहत एकेकीचं नाव मोठ्याने घेत गेले. चौदा झाल्या. मागे वळून मोजलं. पंधरा. तेवढ्यात ओळीतली पूजा, सगुणाबाईची मुलगी, रडायला लागली. बाई, नका ना मोजू, म्हणाली. माझ्या बाजूला गार लागतंय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सगुणाबाई ऑफिसात आली. कधी बसत नाही, आज खुर्चीवर बसली. थट्टा नाही, टोमणा नाही. म्हणाली, बाई, तुमचं भाषण मला पाठ हाय. उघडून बघा म्हनला होता. बघितलं ना? आता लावून घ्या.

मी तिला समजावणार होते. त्याऐवजी खुर्ची तिच्याजवळ ओढून ऐकत बसले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

ती म्हणाली, खोली रिकामी हाय धा दिवस. तिला रिकामं ऱ्हाता येत नाय. कुणीतरी जानार. माझ्या पोरीच्या बाजूला उभी ऱ्हाते ती चतुरा, रोज.

मग खाली मान घालून, अगदी हळू, असं म्हणाली की पूजाच्या जागी मी उभी ऱ्हाते उद्यापास्नं.

लाभ पुन्हा चालू करून पाहिलं. फाइल आहे. उघडते आणि त्याच क्षणी मिटते. दहा वेळा केलं. दार वाजवावं आणि आत कुणी नसावं, तसं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज चौदा.

तीन वेळा मोजल्या. चौदा. हसले, खरंच हसले, पूजाला मिठी मारली.

ऑफिसात आले. चार नंबर: एक.

यादी उघडली. लाभ आहे. आपोआप. पाच वाजून दहा मिनिटांपासून.

खिडकीतून पाहिलं. बायका निघत होत्या. सगुणाबाई मोजत होती. दाराला हात न लावता. एक, दोन, तीन. लाभ नाही. धावत गेले, विचारलं, लाभ का नाही म्हणालात. ती वळली. कसला लाभ, मॅडम, असं तिने विचारलं.

तिने मला कधीच मॅडम म्हटलेलं नाही.

शून्य अंशातून नुकती आली होती. अंगावर शाल नव्हती. हात काखेत नव्हते. बाकीच्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. तिच्या नव्हती.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पूजा आली होती. आई जेवत नाही. चुलीजवळ बसत नाही. भिंतीकडे तोंड करून बसते, उभं राहावं तशी ताठ. हात लागला तर — पूजाने वाक्य पुरं केलं नाही. म्हणाली, बाई, ही माझी आई नाय. माझी आई मला आणून द्या.

चार नंबर उघडलं. पेट्या, धुकं. प्रत्येक पेटीमागे पाहिलं. कुणी नाही. दार लावलं. खंडेराव आणि मी, दोघांनी कान लावला.

आतून पेट्यांवर बोट वाजत होतं. टक. टक. टक. कुणीतरी पेट्या मोजत होतं.

खंडेराव खाली बसला. म्हणाला, सगुणा हाय. ती अशीच मोजते.

दार उघडलं. आवाज बंद. कुणी नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपार

रात्रभर विचार केला. आता मला नियम कळलाय, आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही. जे डोळ्यांनी दिसतं ते नाकारणं हीसुद्धा अंधश्रद्धाच.

लाभ बंद केलं की आतली बाहेर येते. आता आत सगुणाबाई आहे. बंद केलं तर सगुणाबाई येईल.

मग खोली रिकामी होईल. मागच्या वेळी बारा दिवस थांबली. या वेळी थांबेल का? ठाऊक नाही. कोण जाईल तेही नाही. पण मोजायला फार माणसंच नसली तर? सगळ्यांना गेटबाहेर काढायचं. रस्त्यापलीकडे, टपरीपाशी. बायका, खंडेराव, पूजा. आणि ती जी सगुणाबाई म्हणून हिंडते, तीही. आवारात मी एकटी.

चौदा बायका माझ्या एका बोटाच्या भरवशावर आत जात होत्या. बोट माझं होतं.

२४ फेब्रुवारी. संध्याकाळ, पाच वाजून वीस

गेटबाहेर सगळ्या. खंडेरावाने हात वर केला, म्हणजे झालं. ती पण गेली, न बोलता. आता ती सगळ्यांच्या मागे उभी आहे, इथून दिसते. माझ्याकडे बघते आहे.

वही मांडीवर. बोट लाभवर. यंत्राने ताकीद दिली. या वेळी सगळी वाचली.

हो.

नोंद: चार नंबर. दार बंद. बाहेर: एक.

आवारात — हो, आवारात ती आहे — गुडघ्यांवर बसलीय, हात काखेत, थरथरते — तोंडातून वाफ — सगुणाबाई — पूजा धावत आली, शाल टाकली — रडताहेत दोघी. आणि रस्त्यापलीकडे मागे उभी होती ती — तिथे कुणी नाही.

आली. तिची आई आली.

चार नंबर: शून्य.

शून्य.

पेनची शाई नीट येत नाही. बोटं —

खिडकी बंद आहे तरी गार वारं येतंय. पाच बावीस. पडद्यावर लाभ परत — आपोआप — मी काही दाबलं नाही —

चार नंबर: एक.

पण मी इथे आहे. खुर्चीत. पडदा समोर आहे. पडदा — काचेवर बर्फ —

अंधार. हाताला पुठ्ठा लागतोय. पेट्या आहेत. चाचपडत लिहितेय, अक्षर दिसत नाही. पंखे नाहीत अजून. खंडेराव येईल खटका दाबायला, तो रोज येतो, कोणीतरी त्याला सांगा —

दार ठोकलं. ठोकतेय. आवाज बाहेर जातो, सगुणाबाईचा गेला होता —

बाहेर कुणीतरी बोलतंय. ऐकू येतंय. खंडेराव, आता लाव पंखे, म्हणतंय. सगळे बाहेर आहेत, मी मोजलेत, म्हणतंय. आवाज ओळखीचा — माझा आवाज —

आणि पूजा हो बाई म्हणते आहे — पूजा, तिचं ऐकू नको, ती मी —